घाटमाथ्यावरच्या दोन हाका

ज्ञानू पलटणीत सतरा वर्षं काढून घरी आला, तेव्हा गावाला वाटलं, हा आता मिशीला पीळ देत पारावर बसणार आणि येईल त्याला राजस्थानच्या वाळूच्या गोष्टी सांगणार. पण गड्याचं बूड घरात टेकेना. उसाला पाणी पाजायचं म्हटलं की भावाशी भांडण, आणि घरात बसलं की रंगूबाईशी. शेवटी रंगूबाईच म्हणाली, "आवं, कुठंतरी जावा बया, पर हितं माझ्या चुलीपाशी कवायत घालू नका!" म्हणून ज्ञानूनं खानापूरच्या घाटमाथ्यावर पवनचक्क्यांच्या राखणीची नोकरी धरली.

एकतीस पंखे होते वर. आणि त्या एकतीस पंख्यांना राखणदार किती? दोन. पत्र्याची एक खोली, पाण्याची एक टाकी, आणि चहूबाजूंनी कातळ. तांब्याच्या केबली चोरणारे भर दुपारी यायचे, कारण दुपारी तिथं कावळासुद्धा फिरकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे बाराची फेरी चुकवायची नाही, हा कंपनीचा हुकूम. एकानं खोलीवर थांबायचं, दुसऱ्यानं पंखे फिरून यायचं. मोबाइलला रेंज नाही. जीप यायची ती सकाळी आणि संध्याकाळी.

आता वारा म्हणजे काय ते ऐका. तुम्ही म्हणाल, पंखे उभे केलेत म्हणजे वारा असणारच, त्यात सांगायचं काय? अहो, पण तो वारा कधी घरीच जात नाही! भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालेपर्यंत त्यावर मातीचा थर. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडायचं. पंधरा दिवसांत माणूस ओरडायचं सोडून देतो आणि नुसत्या माना हलवतो. चैत्र लागला की खोलीचा पत्रा असा तापायचा की दाराची कडी काढायची तर हाताला पंचा गुंडाळायचा. आणि चिलटं! डोळ्यात, नाकात, कानात. बोलायला तोंड उघडलं की आत चार. सावलीत बसावं तर सावलीत जास्त, उन्हात उभं राहावं तर ऊन मारतंय. ज्ञानूच्या आधी तिथं सहा राखणदार टिकले नव्हते. एक जण तर पायातल्या चपला दारात टाकून पळाला होता. त्या चपला अजून तिथंच होत्या, कुणी हात लावत नव्हतं.

ज्ञानू टिकला तो निजाममुळे.

निजाम कडेगावचा. घरचा धंदा कल्हईचा. पितळेची भांडी गेली, स्टील आलं, तशी कल्हई बसली. पण निजामचा गळा काही बसला नाही. बापाबरोबर गावोगाव "कल्हईऽऽ" म्हणून ओरडत वाढलेला माणूस. त्याची हाक तीन गल्ल्या ओलांडून जायची. तो वाऱ्याला पाठ द्यायचा, दोन्ही तळवे तोंडाशी धरायचा आणि शेवटचं अक्षर असं लांबवायचा की हाक वाऱ्यावर बसून यावी. घाटमाथ्यावर वाऱ्याला पुरून उरणारा आवाज फक्त त्याचा. चिलटांवर करंजाचं तेल त्यानंच शोधलं. वास असा की ज्ञानू म्हणायचा, "निजाम, चिलटं ऱ्हाऊ दे, तुझी बायकूबी पळंल."

"हुसेनबी कुठं पळतीय! तिनं माझ्यासंगं तीस वर्षं धूर खाल्लाय कल्हईचा," निजाम हसायचा.

दोघांचं जमलं ते असं. एक हाक मारणार, दुसऱ्यानं ओ द्यायची. त्या ओसाडीत माणसाला माणूस म्हणून तेवढंच होतं. ओ आली की कळायचं, आहे बाबा जिवंत. ज्ञानूनं एकदा रंगूबाईला सांगितलं होतं, निजामनं नोकरी सोडली तर दुसऱ्या दिवशी मीपण खाली उतरीन, एकट्यानं तिथं राहायची माझी छाती नाही. पलटणीतला माणूस असं बोलत होता!

कारण तिथं एक गोष्ट होती. वारा पडायचा.

चैत्र-वैशाखात, बाराच्या सुमाराला, कधीतरी एकाएकी तो वारा थांबायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकतीस पंख्यांचा दिवसरात्रीचा तो घुमारा एकेक करत बंद व्हायचा आणि कानात नुसती पोकळी व्हायची. आपलंच रक्त वाहताना ऐकू यायचं. सतरा नंबरचा पंखा दोन वर्षं बंद पडलेला, कसला तरी भाग बाहेरून यायचा होता तो आलाच नव्हता. त्याचा पोकळ खांब उन्हानं तापला की आतून टक्, टक्, टक् वाजायचं. लोखंड तापल्यावर वाजणारच, हे दोघांनाही कळत होतं. पण ते वाजणं खालून वर जायचं. जिना चढल्यासारखं. वर पोहोचलं की थांबायचं, आणि थोड्या वेळानं परत खाली यायचं. वर पंख्यामागच्या यंत्राच्या डब्याखाली आग्या माश्यांनी पोळं धरलं होतं, चांगलं परातीएवढं, काळंभोर. त्याच्यावरून मधूनच एक लाट सरकायची आणि पोळं श्वास घेतल्यासारखं हलायचं.

आणि त्या पडलेल्या वाऱ्यात हाका यायच्या.

पहिली ज्ञानूनंच ऐकली. बसल्या जागी, मागून, अगदी ओळखीच्या आवाजात, "ज्ञानाऽ". त्याला ज्ञाना म्हणणारं जगात एकच माणूस होतं. त्याची आई, बनुबाई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ज्ञानूच्या अंगावर त्या उन्हात काटा आला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही आणि ओ तर मुळीच दिली नाही.

ओ न देण्याचं शिकवलं होतं तेही बनुबाईनंच. आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा, ती सांगेल. भर दुपारी रानात कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेला द्यायची नाही. तिसरी आली तरच द्यायची. माणसाला तीन हाका मारता येतात, त्या दुसऱ्याला दोनच. ज्ञानूच्या थोरल्या चुलत्यानं म्हणे खळ्यावर पहिल्याच हाकेला ओ दिली आणि तो तसाच उठून चालत गेला. तीन दिवसांनी विहिरीत सापडला. तेव्हापासून त्या घरात सख्ख्या भावानं हाक मारली तरी मनात मोजायची सवय. पलटणीतसुद्धा ज्ञानूची ही खोड गेली नाही. सुभेदारानं दोन हाका मारल्या तरी हा गप्प, म्हणून एकदा पाठीवर पिठ्ठू घेऊन मैदानाला चकरा मारल्या होत्या पठ्ठ्यानं.

निजामला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "लेका, बंदुका चालवून आलास नि हाकंला भितोस?"

"भितो न्हाई. मोजतो," ज्ञानू म्हणाला.

मग चैत्र संपता संपता एक दिवस निजामचं हसणं थांबलं. त्याची मुलगी अर्फा मिरजेला दिलेली. दुपारी वारा पडला आणि निजाम खोलीबाहेर भांडी घासत होता. ज्ञानू आत आडवा झाला होता. त्याला निजामचा आवाज ऐकू आला, "आलो बेटी, आलो!" ज्ञानू उठून दारात येतो तो निजाम कातळावरून झपाझप चाललाय. हातात तशीच राखेची चिंधी. ज्ञानू ओरडला. निजामनं ऐकलं नाही. पुढं कडा होता, सरळ खाली दोनशे हात. ज्ञानू जिवाच्या आकांतानं धावला आणि त्यानं निजामला मागून कंबरेला मिठी मारली तेव्हा निजामच्या पायाखालचे दगड सुटून खाली चालले होते. ते खाली पोहोचल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

"अर्फा हुती रं," निजाम म्हणाला. "त्या झुडपाआड उभी हुती. अब्बा म्हणाली."

"कितींदा म्हणाली?"

निजामनं आठवून पाहिलं. "येकदा."

त्या दिवशी दोघांचा करार झाला. निजामच म्हणाला, "तुझी म्हातारी शहाणी हुती, ज्ञानू. आजपास्नं मी तुला हाक मारली तर तीनदा मारीन. मोजून. दोनच आल्या तर समज, ती माझी न्हवं. तू जागचा हलू नगंस."

"आनि तूबी," ज्ञानू म्हणाला.

करार असा पाळला दोघांनी की काय सांगावं! जेवायला बोलवायचं तरी तीन हाका. साप दिसला तरी तीन हाका. एकदा चहा उतू जात होता तर निजाम पातेलं सोडून दारात येऊन तीनदा ओरडला, चहा गेला चुलीत. ज्ञानू हसून हसून लोळला. पण मनातून त्याला लय बरं वाटलं. इतकं बोलणं जपणारा माणूस त्याला पलटणीतही भेटला नव्हता.

वैशाखातला मंगळवार होता. ज्ञानूच्या डाव्या डोळ्यात चिलट जाऊन डोळा सुजून बंद झाला होता. बाराची फेरी खरं तर त्याची होती.

"तू बस," निजाम म्हणाला. "सुजका डोळा घिऊन कुठं धडपडतोस? मी येतो जाऊन."

"पानी घिऊन जा."

"आता आलोच की रं," म्हणून निजाम पंचा डोक्याला गुंडाळून निघाला. ज्ञानूनं उघड्या डोळ्यानं त्याला पाहिलं. उन्हाच्या झळांमध्ये त्याचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, आणि मग नुसता पंचा राहिला हवेत. तोही गेला.

पाऊण तास झाला असेल. वारा पडला.

असा पडला की ज्ञानूनं भिंतीला टेकलेलं डोकं उचललं. पंखे थांबत गेले. शेवटचा पंखा थांबला आणि ती पोकळी आली. चिलटंसुद्धा कुठं गेली कोण जाणे. सतरा नंबरच्या खांबात टक्, टक् सुरू होतं, ते खोलीपर्यंत येत होतं. मग तेही थांबलं.

"ज्ञानूऽऽऽ!"

निजामचा आवाज. शेवटचं अक्षर लांबवलेलं. ज्ञानू उठून उभा राहिला. एक.

"ज्ञानूऽऽऽ!"

दोन. ही जरा फाटकी होती. ज्ञानू दारात आला. ओ त्याच्या गळ्यापर्यंत आली होती, त्यानं ती तशीच दाबून धरली. चौकट चटका देत होती तरी त्याचा हात सुटेना.

"मार," तो पुटपुटला. "तिसरी मार, निजाम. मार की गड्या!"

तिसरी आली नाही.

ज्ञानूनं वाट पाहिली. शंभरापर्यंत आकडे मोजले. कातळावर कुठं पानही हलत नव्हतं. आणि मग, काय सांगायचं, त्याला बरं वाटलं! हायसं वाटलं त्याला. निजाम असता तर तीनदा ओरडला असता. चहा चुलीत घालवणारा माणूस तो, तो दोन हाकांवर थांबणार? म्हणजे ही त्या दुसऱ्याची हाक. आपण फसलो नाही. आईचं नाव घेऊन ज्ञानूनं माठातलं पाणी प्यालं, तोंडावर मारलं, आणि परत भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळानं वारा आला, पंखे फिरायला लागले.

एक वाजला. निजाम आला नाही. सव्वा वाजला. आता मात्र ज्ञानू उठला. काठी घेतली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि तो निघाला. चालता चालता पळायला लागला.

सतरा नंबरच्या खांबाभोवती लांबून धूर दिसत होता. जवळ गेल्यावर तो धूर नव्हता. माश्या होत्या. वरचं पोळं निम्मं फाटून लोंबत होतं. घारीनं टोच मारली असणार, तसं पुष्कळदा होतं. खाली खांबाच्या पायऱ्यांशी निजाम गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. डोक्याचा पंचा त्यानं तोंडावर गुंडाळून घेतला होता आणि त्याची दोन्ही टोकं मुठीत गच्च आवळली होती. त्याच्या सदऱ्याचा रंग कळत नव्हता, इतक्या माश्या.

ज्ञानूनं कशाचाही विचार केला नाही. वाळलेलं गवत ओरबाडलं, काडी ओढली, धूर केला, घोंगडं पांघरून आत घुसला. निजामला पाठीवर घेतलं आणि सडकेपर्यंत पावणेदोन कोस तो चालला. माश्या अर्ध्या वाटेपर्यंत मागं होत्या. सडकेवर एक टेम्पो मिळाला. विट्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ज्ञानूचा दुसराही डोळा मिटला होता. त्याला किती डंख झाले ते डॉक्टरांनी मोजायचं सोडून दिलं.

ज्ञानू एका खोलीत, निजाम दुसऱ्या. तीन दिवस ज्ञानूला काही दिसत नव्हतं. तो येईल-जाईल त्याला विचारायचा, "निजाम बोलतोय का?" रंगूबाई म्हणायची, "बोलतोय. हुसेनबी हाय त्येच्यापाशी." चौथ्या दिवशी त्यानं विचारलं तेव्हा रंगूबाईनं नुसता त्याचा हात धरला. निजाम पहाटेच गेला होता.

मग गावानं जे केलं ते तर विचारूच नका. ग्रामपंचायतीत सभा भरली. शाल झाली, श्रीफळ झालं. सरपंच म्हणाले, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता आपल्या सहकाऱ्याला पाठीवर घेऊन येणारा हा सैनिक आपल्या मातीचा आहे. टाळ्या पडल्या. ज्ञानू शाल पांघरून मान खाली घालून बसला होता आणि त्याला घाम फुटला होता. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस! शंभर आकडे मोजत दारात उभा असलेला ज्ञानू त्यांतल्या कुणी पाहिला होता? पाणी पिऊन परत बसलेला कुणी पाहिला होता?

आणि गडी परत वर गेला. रंगूबाईनं पाय धरले, भावानं शिव्या घातल्या. "एकट्यानं ऱ्हायची छाती न्हाई म्हणाला हुता न्हवं?" ती रडत म्हणाली. निजामच्या जागी दुसरा राखणदार कंपनीला मिळेना. ज्ञानू एकटा राहिला.

जेठ लागला तरी वळवाचा थेंब नव्हता. बारा वाजले की ज्ञानू फेरीला निघायचा आणि त्याचे पाय आपोआप सतरा नंबरकडे वळायचे. उरलेलं पोळं वाळून वाऱ्यावर फडफडत होतं. माश्या गेल्या होत्या. तरीसुद्धा जवळ गेलं की खांबाच्या आतून गुणगुण यायची. त्यानं एकदा लोखंडाला कान लावला. आत, खूप वर, कुणीतरी श्वास रोखून धरावा आणि सोडावा, तसं काहीतरी चाललं होतं. कानाची पाळी भाजून निघाली तरी तो लावून बसला होता.

मग वारा पडायचा आणि हाक यायची. निजामची. तेच लांबवलेलं अक्षर. एक. मग दुसरी, जरा फाटकी. मग काही नाही.

रोज. एक दिवसाआड म्हणा, पण जवळजवळ रोजच. आणि आईची हाक ऐकून पूर्वी अंगावर काटा यायचा तसा आता येत नव्हता. आता त्याला उलटंच भय होतं. तिसरी आली तर? ती कोणत्या तोंडानं ऐकायची, आणि ऐकून जायचं कुठं? त्यानं कानात कापूस कोंबला, तर हाक आतून आली. अन्न तुटलं. पलटणीची मिशी गालफडांवर लोंबायला लागली. जीपचा ड्रायव्हर मानसिंग एक दिवस म्हणाला, "फौजी, तुमी खाली उतरा. तुमचं कायतरी निराळंच दिसतंय." ज्ञानूनं त्याच्याकडं बोट केलं आणि विचारलं, "तू आत्ता मला हाक मारलीस? कितींदा?" मानसिंगनं त्या दिवशी गाडी उतारावर जरा जोरातच काढली.

शेवटी ज्ञानूनं ठरवलं, सांगायचं. ज्याचं माणूस गेलं त्याला सांगायचं. हुसेनबी तोंडावर थुंकली तर पुसायचं नाही.

निजामचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कडेगावला गेला. गल्लीत दुपारची सामसूम होती. हुसेनबी ओट्यावर बसून लसूण सोलत होती. अंगानं बारीक झाली होती, पण हात चालूच होते. ज्ञानूला पाहून तिनं पदर सारखा केला. "या, ज्ञानूभाऊ," म्हणाली आणि सरकून जागा दिली. तो बसला नाही. उभाच राहिला, हजेरीला राहतात तसा.

"भाभी, मला सांगायचंय."

"बसा तर खरं."

"बसून सांगायसारखं न्हाई." त्याचा आवाज चिरकला. "त्यानं मला हाक मारली हुती. त्या दिवशी. दोनदा. मी ऐकली, भाभी. सपष्ट ऐकली. आनि मी बसून ऱ्हायलो. तिसरीची वाट बगत. पानी पीत. अर्धा तास. लोकं म्हंत्यात मी त्येला वाचवाय गेलो. मी मारला त्येला."

हुसेनबीच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. मग तिनं परडी बाजूला ठेवली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

ज्ञानूला वाटलं, आपण चुकून काही दुसरंच ऐकलं.

"दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्ये शुद्धीवर आलं हुतं. व्हटं सुजल्याली, एकेक शबुद काढाय येळ लागायचा. म्हणालं, दोन हाका माझ्या तोंडातनं गेल्या हुसेन, त्या काय माझ्या हातात न्हवत्या. जीव ओरडला. तिसरी मारायला तोंड उगाडलं, आनि ध्यानात आलं, की तिसरी मारली तर ज्ञानू येनार. एका डोळ्यानं, आंदळ्यासारखा, ह्या माश्यांत. दोघंबी जाऊ. म्हणून पंचा तोंडावर घेतला आनि धरून ठिवला." तिनं स्वतःच्या दोन्ही मुठी गच्च आवळून दाखवल्या. "म्हणालं, दोन हाकांवर ज्ञानू जागचा हलनार न्हाई. तेवढा भरवसा हाय माझा त्येच्यावर."

ज्ञानूला त्या मुठी दिसल्या. पायऱ्यांशी पडलेल्या निजामच्या मुठी त्याला सोडवता आल्या नव्हत्या, दवाखान्यातच त्या सुटल्या होत्या.

"मी रागावले त्येंच्यावर," हुसेनबी म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरून वाहायला लागले. "मरत्या मानसावर रागावले मी! म्हटलं, दोस्त वाचवलासा, आनि माझं काय? अर्फाचं काय? मारायची की एक हाक! एवढा गळा दिला हुता अल्लानं! तर नुसतं बगत ऱ्हायले माझ्याकडं. आनि तुमच्यावरबी राग हुता, ज्ञानूभाऊ. लय हुता. मी ठरवलं हुतं, तुमी आपुन हून यिऊन बोललासा तर सांगायचं. न्हाई आलासा, तर मरस्तवर सांगायचं न्हाई. चाळीस दिस वाट बगितली."

ज्ञानू ओट्याच्या खांबाला धरून उभा होता. तो रडला नाही. तो वळला, गल्लीच्या तोंडाकडे, जिकडून लांब घाटमाथ्याची कड दिसते तिकडे. दोन्ही तळवे त्यानं तोंडाशी धरले आणि मोठ्यानं ओ दिली.

"ओऽऽऽ!"

समोरच्या दारातून दोन बाया बाहेर आल्या. सायकलवरून जाणारा एक म्हातारा थांबला. ज्ञानूनं परत ओ दिली, मग परत. छाती फुटेस्तवर देत राहिला. हुसेनबीनं त्याला थांबवलं नाही. बाया विचारायला लागल्या, कुणाला हाका मारतोय हा बाबा, तेव्हा ती डोळे पुसून म्हणाली, "हाका न्हाई मारत त्यो. त्येला बोलवलंय, म्हणून ओ देतोय."